हँडब्रेकचे तीन खटके

बावीस वर्षं मी पिकअप चालवतोय. सोफे, कपाटं, काचेची टेबलं, एकदा तर अख्खा पियानो, सगळं लोकांच्या दारात ओरखडा न पडता पोचवलंय. त्यामुळे गाडीच्या बाबतीत मला कोणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. आणि त्या शनिवारी मला शिकवत कोण होतं, तर माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. याचं चष्म्याचं दुकान. टायर बदलायला सांगितलं तर हा माणूस आधी हात धुऊन येतो.

"दादा, यात लिहिलंय की साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या घ्यायच्या," हातातला कागद नाकाशी धरून तो म्हणाला. डॉलीबरोबर आलेलं माहितीपत्रक होतं ते. आदल्या रात्री त्याने ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं, खालच्या बारीक टाइपासकट.

"जावईबापू, तुम्ही फक्त वाचा. करतो मी."

डॉली म्हणजे दोन चाकांचा एक बुटका सांगाडा. तो पिकअपच्या मागे अडकवायचा, बंद गाडीची पुढची दोन चाकं त्याच्यावर चढवून पट्ट्यांनी आवळायची, आणि मागची दोन चाकं रस्त्यावरून आपली फिरत येतात. अख्खी गाडी मावेल असा ट्रेलर आम्हाला मिळाला नव्हता. मिळाली ती डॉली, आणि तीही संध्याकाळपर्यंतच.

गाडी बहिणीची. बहिणीला घरात सगळे बेबी म्हणतात. बेबी आता बेचाळीस वर्षांची आहे आणि रुग्णवाहिकेच्या कचेरीत फोनवर बसते. लोक रडत-ओरडत फोन करतात, आणि ही त्यांना इतक्या थंड आवाजात पत्ता विचारते की समोरचा माणूस भानावर येतो. सतराव्या वर्षी एका तापात तिचे पाय गेले. तेव्हापासून चाकाची खुर्ची. पण गाडी ती स्वतः चालवते, हातांनी. स्टिअरिंगच्या शेजारी एक दांडा बसवलेला आहे. पुढे ढकलला की ब्रेक लागतो, खाली ओढला की गाडी वेग घेते.

गुरुवारी त्या दांड्याचं लोखंडी बूड तुटलं आणि ब्रेकच्या पेडलवर आडवं जाऊन अडकलं. ब्रेकचा भरवसा संपला. म्हणजे बेबीच काय, दोन धडधाकट पायांचा माणूसही ती गाडी चालवू शकत नव्हता.

दांडा बसवणारा फिटर ऐंशी किलोमीटरवर राहतो. फिटरकाका. वय पंचाहत्तरच्या पुढे. बेबीने फोन केला तेव्हा ते म्हणाले, "पोरी, मी रविवारी मुलीकडे चाललोय, कायमचा. शनिवारी दोनपर्यंत आण, करून देतो. दोन वाजता मी हत्यारं बांधायला घेणार. नंतर आणलीस तर दारावर कुलूप दिसेल." त्यांच्यासारखं काम करणारा दुसरा माणूस आम्ही दोन दिवस शोधला. एकाने तर विचारलं, "त्यापेक्षा ड्रायव्हर का नाही ठेवत?" बेबीने फोन ठेवला आणि खुर्ची वळवून आतल्या खोलीत गेली.

ती का गेली हे मला ठाऊक होतं. गाडी येण्याआधी तीन वर्षं मी तिला रोज सकाळी उचलून पिकअपमध्ये बसवायचो आणि कचेरीत उतरवायचो. मला ती कधीच जड झाली नाही. पण एकदा ती हसत म्हणाली, "दादा, तुझे सोफे आणि मी, एकाच पद्धतीने उचलतोस तू." ते हसू मला आजही टोचतं. गाडी आली आणि माझ्या बहिणीला पाय फुटले. आता ते पाय पुन्हा जायची वेळ आली होती.

तर शनिवारी सकाळी अकराला निघायचं ठरलं होतं, आणि पावणेबारा वाजले तरी आम्ही दारातच. नमनालाच घडाभर तेल चाललं होतं. गाडी दोरखंडाच्या हातयंत्राने इंच इंच ओढून डॉलीवर घेतली, पट्ट्या आवळल्या. मग बेबीने एका पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलेली यादी काढली. खुर्चीत बसून ती एकेक बाब वाचणार, आम्ही करून दाखवायची आणि मोठ्याने उत्तर द्यायचं. फोनवर असंच करतात म्हणे. ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचं, म्हणजे चूक होत नाही.

"जोडणीची खीळ?"

"घातली," मी म्हणालो.

"दादा, नीट. काय घातलं?"

"अगं, खीळ घातली खीळ! चहा घालीन का मी तिथे?"

"साखळ्या?"

"दोन्ही साखळ्या फुलीसारख्या अडकवल्या," जावईबापू शाळेतल्या पोरासारखे म्हणाले.

"मागचे तात्पुरते दिवे?"

"दिवे लागतात."

"हँडब्रेक?"

जावईबापू गाडीत वाकले. खटका दाबल्याचा आवाज आला. "हँडब्रेक सोडला. पूर्ण खाली."

मला कसंसंच झालं. कारण आमच्या घरात बेबीच्या गाडीचा हँडब्रेक सोडायची सवय कोणाला नाही, ओढायची आहे. गाडीत कोणीही बसो, उतरताना पहिला हात हँडब्रेकवर. नऊ वर्षांपूर्वी मी तिची गाडी अंगणात लावली होती. उतार जेमतेम होता, दिसतही नव्हता. बेबी शेजारच्या सीटवरून खुर्चीत सरकत होती, अर्धी इकडे, अर्धी तिकडे, आणि गाडी हलली. बेबी खाली पडली. मनगट मोडलं. हँडब्रेक मी ओढला नव्हता. ती एक शब्द बोलली नाही, पण मी स्वतःला इतकं बोललो की त्या दिवसापासून माझा हात आपोआप तिकडे जातो. माझं बघून घरातल्या सगळ्यांचा जायला लागला.

पण डॉलीवरच्या गाडीची मागची चाकं मोकळी फिरायला हवीत, हे मलाही कळत होतं. पाकिटावर शेवटची खूण झाली.

बेबीला मी उचललं आणि पिकअपमध्ये मधल्या जागेवर बसवलं. तिने मान दुसरीकडे केली. खुर्ची मागे हौद्यात ठेवली. मी इंजिन सुरू करणार, तोच ती म्हणाली, "दादा, माझी उशी राहिली."

ती उशी साधी नसते. तासभर जरी ती उशीविना बसली तरी तिला जखमा होतात, आणि तिला त्या कळतही नाहीत. मी धावत गेलो, तिच्या गाडीत चढून बसलो, सीटवर बांधलेली उशी सोडवली, काखेत मारली, उतरलो आणि दार आपटलं. बारा वाजायला पाच मिनिटं कमी होती.

निघालो. पिकअप जरा दमल्यासारखी वाटत होती.

"जड लागतेय," मी म्हणालो. "पट्ट्या वाकड्या आवळल्या असतील कोणीतरी."

कोणीतरी खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी कागद उघडला. "पहिल्या पाच किलोमीटरला थांबून पट्ट्या परत तपासायच्या, असं लिहिलंय."

"लिहिणाऱ्याला दोन वाजता कुठे पोचायचं नव्हतं."

"पट्ट्या सुरुवातीला सैल होतातच, दादा. चाकं बसतात ना नीट."

"मी पियानो नेलाय, जावईबापू. पियानो! एकदाही थांबलो नाही."

पाच किलोमीटर झाले. डावीकडे एक रुंद, सपाट जागा आली आणि गेली. मी थांबलो नाही. आरशात बघितलं. गाडी मुकाट मागून येत होती. मनात म्हटलं, याला म्हणतात अनुभव.

तेव्हा बेबी बोलली. ती ओरडली असती तर मी दुप्पट ओरडलो असतो. पण ती तिच्या फोनवरच्या आवाजात बोलली.

"दादा. पुढे पेट्रोल पंप आहे. वेग हळूहळू कमी कर. डावीकडे घे. थांब."

त्या आवाजाला नाही म्हणता येत नाही. माझा पाय माझ्या आधीच उठला होता.

पंपाच्या कडेला गाडी लावली. जावईबापू उतरून मागे गेले. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसलो. "पट्ट्या दोन-दोन बोटं सैल झाल्यात!" ते ओरडले. बेबीने माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं. मग त्यांचा दुसरा आवाज आला, आणि तो ओरडण्याचा नव्हता. चटका बसल्यावर माणूस श्वास आत घेतो, तसा.

मी धावलो. मागच्या चाकाशी पोचायच्या आत वास आला. जळक्या रबराचा नव्हे, त्याहून कडवट. इस्त्री कपड्यावर विसरल्यासारखा. चाकाच्या मधोमध, ब्रेकच्या डब्याभोवती हवा थरथरत होती. जावईबापू बोटं झटकत होते.

"हात लावून बघायचं लिहिलं होतं," ते म्हणाले. "म्हणून लावला."

ब्रेक घासत होता. त्यातच तापून मागचं चाक जाम झालं असतं, तर गाडी डॉलीवरून फेकली गेली असती. नाहीतर तिला तिथेच आग लागली असती. आणि माझी बहीण पिकअपच्या आरशातून ते बघत बसली असती. भीती वाटली की मला आधी राग येतो. हा माझा जुना रोग आहे.

"हँडब्रेक सोडला म्हणालात ना तुम्ही? मोठ्याने म्हणालात! 'पूर्ण खाली' म्हणालात!"

"सोडला होता मी."

"मग हे काय आहे? भूत बसलंय का आत?"

"मला वाटतं, सोडला होता. म्हणजे, खटका दाबला होता मी. कदाचित दांडा पूर्ण खाली गेला नसेल. दादा, माझंच चुकलं असेल."

मी गाडीचं दार उघडून आत बघितलं. हँडब्रेक वर होता. तीन खटके. पूर्ण ओढला की सात होतात. तीन खटक्यांवर चाक फिरतं, पण घासत फिरतं. अर्धवट ओढलेला होता तो. एखाद्याचा दुसरा हात कशात तरी गुंतलेला असावा, तसा.

आणि माझ्या काखेला ती उशी आठवली.

चढलो, बसलो, उशी सोडवली, काखेत मारली, उतरलो. उतरताना हँडब्रेक. नऊ वर्षं रोज, विचार न करता. हातानेच केलं होतं, मला न विचारता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो माझा वळसा जावईबापूंच्या अंगावरून चालला होता.

खरं सांगतो, दोन श्वास मी गप्प राहिलो. ते बिचारे स्वतःच कबूल करत होते. मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, म्हणजे बावीस वर्षांचा अनुभव आणि पियानो, सगळं शाबूत राहिलं असतं. त्यांनी खिशातून चष्मा पुसायचा रुमाल काढला आणि भाजलेल्या बोटाभोवती गुंडाळला. पिवळा, मऊ, कोपऱ्यावर दुकानाचं नाव असलेला. तो बघितला आणि मला माझीच लाज वाटली.

"तुम्ही नाही," मी म्हणालो. "मी ओढला. उशी आणायला गेलो तेव्हा. यादी संपल्यावर."

मला वाटलं, आता ऐकवतील. बाराशे वेळा टोमणे खाल्लेत या माणसाने माझे. पण त्यांनी फक्त मोठा उसासा सोडला आणि म्हणाले, "हुश्श. मला वाटलं, मला आता वाचलेलंही नीट करता येत नाही."

मी हँडब्रेक सोडला. पंपावरून बादलीभर पाणी आणलं आणि चाकावर ओतणार, तोच त्यांनी माझा हात धरला. "नको दादा! तापलेलं लोखंड एकदम गार केलं तर तडकतं. हे कागदात नाही. चष्म्याच्या कामातसुद्धा हेच आहे. आपोआप निवू द्या." मी बादली खाली ठेवली. ओरडलो नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी सांगितलेलं मी निमूट ऐकलं.

पिकअपशी जाऊन मी बेबीला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "हँडब्रेक?"

"हँडब्रेक सोडला. पूर्ण खाली. आणि आता त्या गाडीत कोणीही जाणार नाही."

"यादीनंतर गाडीला हात लावला तर यादी पहिल्यापासून," ती म्हणाली आणि पाकिटावर ते लिहून ठेवलं. मग तिचा फोनवरचा आवाज मोडला. "दादा, चाकं गेली असतील का रे?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

चाळीस मिनिटं आम्ही त्या पंपावर होतो. जावईबापू दर पाच मिनिटांनी चाकाजवळ हाताची उलटी बाजू नेऊन बघत होते, तापाच्या पोराचं कपाळ बघावं तसं. बेबी फिटरकाकांना फोन लावत होती आणि ते उचलत नव्हते. शेवटी चाक हाताला सोसेल इतकं निवलं. मी पिकअप रिकाम्या जागेत दहा पावलं पुढे घेतली, जावईबापूंनी मागून बघितलं. दोन्ही चाकं मोकळी फिरत होती. पट्ट्या आवळल्या. यादी पहिल्यापासून वाचली. या वेळी मी प्रत्येक उत्तर पूर्ण वाक्यात दिलं.

उरलेला रस्ता मी पन्नासच्या वर गेलो नाही. मागून लोक भोंगे वाजवत होते, वाजवू दिले. वीस-वीस किलोमीटरवर थांबलो, चाकाला हात लावला. गार. दुसऱ्यांदाही गार. दोन वाजले तेव्हा बेबीच्या मनगटावरच्या घड्याळाकडे आम्ही तिघांनी बघितलं. पिकअप आता हलकी चालत होती, आणि मला रडू येत होतं. तिला उचलायला मी मरेपर्यंत तयार होतो. पण तिला उचलून घ्यायला लागू नये, एवढंच मला हवं होतं.

पावणेतीनला त्या गल्लीच्या तोंडाशी आलो. डॉली लावून मागे घेता येत नाही, ती कात्रीसारखी मिटते. म्हणून मी आधी चालत जाऊन गल्ली पलीकडे निघते का ते बघून आलो. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. बाहेर बांधलेल्या दोन पेट्या.

शटरखालून आधी चपला दिसल्या, मग फिटरकाका वाकून बाहेर आले. "दोन म्हटलं होतं मी."

"काका, वाटेत—"

"हत्यारं बांधली मी. सगळी." त्यांनी डोळे बारीक करून माझ्यामागे, गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. "पण तिची गाडी यायची होती, म्हणून वेल्डिंगचं बाहेर ठेवलंय. आण."

मी आधी मागच्या चाकांचं सांगितलं. सगळं, उशीसकट. त्यांनी चाकं उतरवली, ब्रेकचे डबे काढले, आतल्या पट्ट्यांवरून नख फिरवलं. आम्ही तिघं श्वास धरून उभे. म्हणजे दोघं उभे आणि बेबी खुर्चीत.

"किती किलोमीटर नेलीस अशी?"

"सात."

"वरून चकाकी आलीय फक्त. घासून देतो, चालेल." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणखी दहा गेला असतास तर मी पेट्या घेऊन मुलीकडे गेलो असतो आणि तू भंगारवाल्याकडे."

माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याचा आवाजही झाला असावा, कारण बेबी हसली. जावईबापूंनी रुमाल सोडून बोट बघितलं, परत गुंडाळलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "तो कागद जपून ठेवा." ते म्हणाले, "पाठ आहे."

दीड तासाने दांडा नव्या बुडावर उभा होता. बेबी स्वतः खुर्चीतून सीटवर सरकली, उशीवर नीट बसली आणि मला म्हणाली, "चल, शेजारी बस." गल्लीला वळसा घालून आलो. तिने दांडा ढकलला, गाडी थांबली. ओढला, गाडी निघाली. पुन्हा ढकलला. दर वेळी ती "हं" म्हणत होती, कोणाचा तरी पत्ता लिहून घेतल्यासारखी. दुकानासमोर येऊन तिने गाडी उभी केली. तिथे थोडा उतार होता.

जावईबापूंनी खुर्ची आणून तिच्या दाराशी लावली. माझा हात आपोआप हँडब्रेककडे गेला आणि अर्ध्यावर थबकला. मी तो मागे घेऊन मांडीवर ठेवला.

बेबीने ते बघितलं.

"ओढ की, दादा," ती म्हणाली. "आता ओढायचा असतो."

मी ओढला. सातही खटके मोजून. मग ती आपली आपण, कोणाचाही हात न धरता, सीटवरून खुर्चीत सरकली, आणि गाडी तसूभरही हलली नाही.